देवराई ते कासव: किती अंतरावर उभं राहायचं?

मानसिक आजारावरचा मराठी चित्रपट म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते 'देवराई'चं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २००४चा चित्रपट आता बहुतेक वेळा जनजागृतीच्या कार्यक्रमांत दाखवला जातो. चित्रपट संपतो, दिवे लागतात, डॉक्टर बोलतात, प्रश्नोत्तरं होतात. 'डोळे उघडणारा सिनेमा आहे' असं कोणीतरी म्हणतं आणि मग चहा होतो. या सगळ्यात तो चित्रपट म्हणून पाहायचा राहूनच जातो. आजाराची लक्षणं आणि उपचार समजावणारं एक लांबलचक माहितीपत्रक, एवढीच त्याची ओळख उरते.

मला त्याच्याकडे माहितीपत्रक म्हणून पाहता येत नाही. त्याची दोन कारणं सुरुवातीलाच सांगून टाकते. एक, मला बायपोलर डिसऑर्डर आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी निदान झालं, त्याला आता आठ वर्षं झाली. आजाराची माहिती मला पडद्यावरून मिळवायची गरज उरलेली नाही. दोन, मी भोर तालुक्यातल्या किकवीची आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत देवराया खऱ्याखुऱ्या आहेत. त्यामुळे पडद्यावर 'देवराई' हे प्रतीक म्हणून येतं तेव्हा मला आधी खरी राई दिसते, प्रतीक नंतर.

भावे-सुकथनकर जोडीने मनाच्या आणि मेंदूच्या आजारांवर तीन महत्त्वाचे चित्रपट केले. स्किझोफ्रेनियावर 'देवराई', स्मृतिभ्रंशावर 'अस्तु' (२०१३) आणि नैराश्यावर 'कासव' (२०१६). तिन्ही ओळीने पाहिले की त्यांचा खरा विषय आजार नाही असं वाटायला लागतं. आजारी माणसापासून बाकीच्यांनी किती अंतरावर उभं राहायचं, हा या तिन्ही चित्रपटांचा प्रश्न आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला आपण कलंक म्हणतो तो माझ्या अनुभवात अज्ञानातून कमी आणि चुकलेल्या अंतरातून जास्त येतो. लोक एक तर फार लांब जातात किंवा फार जवळ येतात.

राई आणि भीती

'देवराई'ची गोष्ट थोडक्यात अशी. कोकणातल्या गावात राहणारा शेष (अतुल कुलकर्णी) हुशार आहे, हळवा आहे, गावच्या देवराईने झपाटलेला आहे. हळूहळू त्याच्या मनात राई, नाती आणि भीती एकमेकांत मिसळत जातात. गावात त्याला सांभाळणं अशक्य होतं तेव्हा बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरात आपल्या घरी घेऊन येते. तिथे डॉक्टर आहेत, निदान आहे, औषधं आहेत. आणि तिथे सीनाचा संसारही आहे. एका आजारी माणसाच्या येण्याने त्या संसाराची घडी विस्कटते.

या चित्रपटामागे पुण्याच्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'चे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता. कॅनडात कॅल्गरीच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या या मराठी प्राध्यापकाने हा आजार घरात, अगदी जवळून पाहिलेला होता. चित्रपटातले सगळ्यात खरे क्षण घरातलेच आहेत ते बहुधा त्यामुळेच. शेषला काय दिसतं, काय ऐकू येतं हे दाखवताना दिग्दर्शक कल्पकता वापरतात. मला मात्र पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती सीना. तिचं दमणं, चिडणं, चिडल्यावर स्वतःवरच रागावणं, नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये उभं राहून दोघांनाही पुरेसं न पडणं. सोनाली कुलकर्णींनी हे काम कुठेही त्यागमूर्ती न होता केलंय. आजारी माणसाला सांभाळणारी व्यक्ती देवमाणूस नसते, तिला वीटही येतो, हे मराठी पडद्यावर इतक्या सरळपणे आधी आलेलं मला आठवत नाही.

आता राईकडे येते. आमच्याकडच्या देवराया कुठे वाघजाईच्या, कुठे जननीच्या, कुठे शिरकाईच्या नावाने राखलेल्या आहेत. हिरडा, बेहडा, जुने आंबे आणि त्यांच्यावर अजगरासारखे चढलेले गारंबीचे वेल. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांचं मोल शहरी वाचकांपर्यंत पोचलं. गावाला ते आधीपासून माहीत होतं, पण वेगळ्या भाषेत: राईतली काडीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देवी कोपते. आजूबाजूचे डोंगर कोळशासाठी आणि सरपणासाठी उघडे पडले तरी राई उभी राहिली, ती या धाकामुळे. देवराई प्रेमाने टिकलेली नाही, लोक लांब राहिले म्हणून टिकली आहे. यात तिचा अपमान नाही, तिची व्यवस्थाच तशी आहे.

चित्रपट या व्यवस्थेचा एक अर्धा भाग घेतो. शेषचं मन राईसारखं आहे: गूढ, दाट, जपण्याजोगं आणि बाहेरच्यांच्या कुऱ्हाडीला घाबरणारं. हे रूपक सुंदर आहे आणि प्रेक्षकाच्या मनातून किळस किंवा थट्टा काढून टाकण्याचं काम ते चोख करतं. शेषला पाहून कोणी हसत नाही. पण रूपकाचा उरलेला अर्धा भाग चित्रपट बाजूला ठेवतो. राईला जसं लांबून हात जोडतात तसंच आजारी माणसालाही लांबूनच हात जोडले जातात. 'त्याच्या नादाला लागू नका' हे वाक्य राईबद्दल आणि शेजारच्या आजारी मुलाबद्दल एकाच सुरात म्हटलं जातं. राई या अंतरावर शेकडो वर्षं जगते. माणूस त्या अंतरावर जगत नाही, तो आतून संपत जातो. मन राईसारखं आहे असं म्हणताना मनाला राईची भीतीही लागू होते, हे चित्रपटाने पाहायला हवं होतं.

आमच्या घरी पहिले चार महिने अंगारे-धुपारे झाले. घरचे अडाणी नव्हते. मला काय होतंय याला त्यांच्याजवळ दुसरा शब्द नव्हता आणि 'बाहेरचं काहीतरी आहे' या शब्दांत निदान दोष माझा नव्हता. देवऋषी माणसाला झपाटलेलं म्हणतो तेव्हा तो त्याला घाबरतो, पण त्याला आळशी किंवा नाटकी म्हणत नाही. हे कौतुक नाही. अंगारा लावून लिथियमचं काम होत नाही आणि वाया गेलेले चार महिने माझे होते. पण शिकलेल्या माणसांनी, 'एवढं काय त्यात, मनावर घेऊ नकोस', असं म्हणून माझ्यापासून जे अंतर घेतलं ते देवऋषीपेक्षा कमी नव्हतं, एवढं नोंदवायला हवं.

शब्दांची राई

'देवराई'चा नायक हुशार, देखणा आणि संवेदनशील का आहे, याचं उत्तर थोडं आपल्या भाषेत सापडतं. मराठीत 'वेड' हा शब्द दोन टोकांना ओढला जातो. पंढरीचं वेड, गाण्याचं वेड, कोणीतरी वेड लावलं: इथे वेड म्हणजे उत्कटता. दुसऱ्या टोकाला खुळा, चक्रम, सर्किट, डोक्यावर परिणाम झालेला. मुंबईकडे 'ठाण्याला पाठवा' आणि पुण्याकडे 'येरवड्याला पाठवा'. येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे ऐकणाऱ्याने कोणता अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या हसण्यावरून ठरवायचं. या दोन टोकांच्या मधे, रोज सकाळी उठून गोळी घेणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, महिन्यातून चार दिवस बरं नसणाऱ्या माणसासाठी मराठीत बोलीतला शब्द नाही. 'मनोरुग्ण' सरकारी आहे. 'छिन्नमनस्कता' तर ऐकणाऱ्याची दिशाभूल करते, कारण त्या शब्दावरून एका माणसाची दोन माणसं झाली असं वाटतं आणि या आजारात तसं काही होत नाही. जपानमध्ये हीच अडचण होती. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ साली 'मन फाटल्याचा आजार' अशा अर्थाचं जुनं नाव टाकून नवं नाव घेतलं. नाव बदलल्याने आजार बदलला नाही, पण निदान रुग्णाला सांगणं डॉक्टरांना सोपं गेलं. आपण तो शब्द इंग्रजीतून 'स्किझोफ्रेनिया' असाच उचलला आणि प्रश्न तिथेच ठेवला.

मधला शब्द नसल्यामुळे आपल्या कलाकृतीही टोकं पकडतात. वेड विनोदी असतं किंवा भयंकर असतं, आणि 'देवराई'सारख्या सहृदय कलाकृतीत ते काव्यमय होतं. शेष आजारी आहे म्हणून आपल्याला हवा आहे की विलक्षण आहे म्हणून? तो सुमार बुद्धीचा, ढेरी सुटलेला, एखाद्या गोदामात हिशेब लिहिणारा माणूस असता तरी आपण त्याच्यासाठी एवढे हळहळलो असतो का? औषधाने माझं वजन पंधरा किलोने वाढलं आणि हात थोडे थरथरतात. माझ्या आजारात काव्य फार थोडं आहे. बराचसा भाग रक्तातली लिथियमची पातळी वेळच्या वेळी तपासणं, झोपेची वेळ पाळणं आणि पुण्याची खेप चुकू न देणं असा आहे. विलक्षण माणसावर दया करणं सोपं असतं. कलंक घालवायचा तर कंटाळवाण्या आजारी माणसालाही जागा द्यावी लागते, आणि ती जागा 'देवराई'त नाही.

आणखी एक शब्द आहे, 'कलंक' हाच. तो कुळाला लागतो, घराण्याला लागतो. मराठीत तो एकट्या माणसावर थांबतच नाही. माझी आई कित्येक वर्षं आळीत 'तिला थायरॉइड आहे' असं सांगायची. ती माझ्यापेक्षा घराला सांभाळत होती: माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं.

सीना आजारी असती तर?

'देवराई' पाहताना मला एक प्रश्न सोडत नाही. शेषला सीना आहे, सीनाला कोण आहे? हा आजार भावाऐवजी बहिणीला झाला असता तर भाऊ तिला आपल्या घरी घेऊन आला असता का? वहिनीने खोली रिकामी करून दिली असती? कथा तिथेच थांबली असती. लग्न झालेली असेल तर ती माहेरी परत येते आणि माहेरही हळूहळू परकं होतं.

कायद्याचा यात हात आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मधल्या लग्नाच्या अटींत १९९९ पर्यंत अपस्माराचाही उल्लेख होता. त्या साली तो काढून टाकला गेला. मानसिक आजाराच्या अटी मात्र राहिल्या. घटस्फोटाच्या कारणांबद्दलच्या कलम १३ मध्ये स्किझोफ्रेनिया नाव घेऊन लिहिलेला आहे. आजार किती तीव्र आहे, जोडीदाराला एकत्र राहणं कितपत शक्य आहे, हे न्यायालयाने पाहायचं असतं हे खरं. पण स्थळ बघायला आलेल्या मावशी कलम वाचत नाहीत. त्यांना आजार आहे एवढंच कळतं. मी माझ्या बायोडाटात आजार लिहायचा ठरवल्यावर फोन येणं कमी झालं, आणि ज्या दोन-तीन घरांनी फोन केला त्यांतल्या एका घराचा पहिला प्रश्न होता: 'मुलांना होतो का?' मला तो प्रश्न अपमानाचा वाटला नाही. आतापर्यंतचा तोच सगळ्यात सरळ प्रश्न होता, आणि त्याला उत्तरही सरळ देता येतं: आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण आईला आहे म्हणून मुलाला होणारच असं नाही.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू झाला, या बाबतीत कितीतरी पुढे गेलेला आहे. रुग्णाला साखळीने बांधणं तो थेट मना करतो. आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क देतो. विमा देताना मानसिक आणि शारीरिक आजारांत फरक करू नये असं सांगतो. माझ्या एका जुन्या कंपनीत, कायदा लागू झाल्यानंतरही, विम्याच्या अर्जावर या आजारापुढे खूण केल्यावर मनुष्यबळ विभागातून फोन आला होता, 'हे लिहायलाच हवंय का?' म्हणून. आवाज प्रेमळ होता. कलंकाचा आवाज बहुतेक वेळा प्रेमळच असतो, आणि म्हणून चित्रपटात तो पकडणं अवघड जातं. खलनायक दाखवता येतो, काळजीने दिलेला गप्प बसण्याचा सल्ला दाखवायला जास्त बारीक नजर लागते.

चन्नम्मा काय विचारत नाही

ही बारीक नजर मला 'अस्तु'मध्ये सापडली. स्मृतिभ्रंश हा बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाच्या पंगतीतला आजार नाही. तो मेंदूच्या झिजेचा आजार आहे. पण अंतराचा प्रश्न तोच आहे. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) आठवणी हरवून बसले आहेत. रस्त्यावर दिसलेल्या हत्तीच्या मागे ते चालू लागतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना सांभाळते. तिला निदान माहीत नाही, तिची भाषाही वेगळी. तिच्यासाठी हे म्हातारं मूल आहे, त्याला भूक लागली की जेवू घालायचं. इकडे मुलगी (इरावती हर्षे) सगळं जाणते. आजाराचं नाव, टप्पे, पुढे काय होणार, आणि त्या जाणण्याच्या ओझ्याखाली ती पिचलेली आहे.

या दोन बायकांची तुलना करून 'अडाणी बाई खरी माणूस, शिकलेली मुलगी कोरडी' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. चित्रपट तो काढू देत नाही, आणि इथेच तो 'देवराई'च्या पुढे जातो. चन्नम्माकडे शास्त्री एका दिवसापुरते आहेत. मुलीकडे ते रोज असणार आहेत. परक्याची माया ताजी असते कारण तिला उद्या नसतो. मुलीने कधी चिडून हात आखडता घेतला तर तिला दुष्ट ठरवता येत नाही. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच आहे, पण चित्रपटाची गाठ मारलेली आहे ती इरावती हर्षे यांच्या थकलेल्या चेहऱ्याशी. चन्नम्माचं न विचारणं आणि मुलीचं टिकून राहणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा येतील, हा प्रश्न 'अस्तु' तसाच उघडा ठेवतो.

घरट्याची राखण

'कासव' त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न करतो. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रस्त्यात भेटतो. स्वतः नैराश्यातून सावरत असलेली जानकी (इरावती हर्षे) त्याला आपल्या कोकणातल्या घरी घेऊन जाते. तो कोण, कुठला, त्याने असं का केलं, यातलं काहीही ती विचारत नाही. तो ओरडतो, रुसतो, खात नाही, आणि ती वाट पाहते. बाजूला दत्ताभाऊ (मोहन आगाशे) किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करत असतात. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एकही. पण पडद्यावर त्यांना डॉक्टर केलेलं नाही, ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते.

कासवाची राखण म्हणजे काय हे कोकणच्या किनाऱ्यावर पाहायला मिळतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायचं काम उभं केलं. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे येत नाही. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून वाचवायला ती अंडी उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. मग साधारण पन्नास दिवस काही करायचं नाही. उकरून बघायचं नाही. पिल्लं वर आली की त्यांना उचलून थेट पाण्यात सोडायचं नाही, वाळूवर ठेवायचं. समुद्रापर्यंतचं अंतर त्यांनीच चालायचं.

देवराईची राखण आणि घरट्याची राखण यांत फरक आहे तो इथे. दोन्हींत हात लावायचा नाही हा नियम आहे. पण राईपासून लोक भीतीने लांब राहतात आणि घरट्यापासून काळजीने. राईला पाठ करून घरी जाता येतं. घरट्यापाशी रात्री जागावं लागतं. बारा वर्षांच्या अंतराने एकाच जोडीने ही दोन रूपकं निवडली आणि या बारा वर्षांत त्यांची समजूत कुठून कुठे आली हे त्यात दिसतं. 'देवराई'त आजारी माणसाला समजून घ्यायची धडपड आहे. 'कासव'मध्ये समजून न घेताही सोबत करता येते, हा शोध आहे. सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या शिक्षिका होत्या, अभ्यासासाठी म्हणून कॅमेऱ्याकडे वळलेल्या. माहिती देणं हा त्यांच्या कामाचा पाया होता. २०२१ साली त्या गेल्या. माहितीवरचा एवढा विश्वास असलेल्या बाईंनी पुढे जाऊन न विचारण्यावर चित्रपट करावा, हे मला त्यांच्या सगळ्या कामातलं सगळ्यात धाडसाचं पाऊल वाटतं.

माझ्या वाईट दिवसांत माझी चुलत वहिनी दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मांडीवर परात, परातीत निवडायचे तांदूळ. 'कसं वाटतंय' असं तिने कधी विचारलं नाही. एखाद्या दिवशी परात माझ्याकडे सरकवायची, मी निवडले तर निवडले, नाही तर ती परत ओढून घ्यायची. तिला माझ्या आजाराचं नाव आजही नीट घेता येत नाही. 'कासव'मधली जानकी पाहताना मला वहिनी आठवते. आणि तिथेच माझी चित्रपटाबद्दलची तक्रारही सुरू होते.

जानकीकडे समुद्रकाठचं घर आहे, गाडी आहे, यदू (किशोर कदम) हा गाडी चालवणारा आहे, स्वयंपाकपाण्याला माणूस आहे आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. न विचारता वाट पाहणं ही चैन तिला परवडते. वहिनी ओट्यावर बसायची तेव्हा भाताची लावणी चालू असली तर तिला संध्याकाळी बोलणी खावी लागत. वाट पाहण्याचं मोल तिने आपल्या कष्टाच्या वेळातून दिलं. 'कासव' हे मोल दाखवत नाही. दुसरी गोष्ट, औषधोपचार या चित्रपटाच्या मध्यभागी नाहीत. निसर्ग, एक निर्मळ लहान मुलगा, मायाळू माणसं आणि वेळ यांनी तरुण सावरतो. ज्याला गोळी सुरू करायची भीती वाटते आहे असा एखादा प्रेक्षक यातून 'कोकणात जाऊन राहिलं की बरं वाटेल' एवढंच घेऊन जाऊ शकतो. मी 'देवराई'च्या बाजूने उभी राहते ती इथे. त्यातले डॉक्टर कधी जास्त समजावून सांगतात, संवाद व्याख्यानाकडे झुकतात, पण गोळीला गोळी म्हणतात. वहिनीची परात आणि पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी यांतलं एक निवडायला मला कोणी सांगितलं तर मी दोन्ही घेईन. भावे-सुकथनकरांचे हे दोन चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात ते म्हणूनच. एकात जे सुटतं ते दुसऱ्यात आहे.

तरी जानकीची भूमिका एका कारणाने मोठी आहे. माझ्या आठवणीतली ती मराठी पडद्यावरची पहिली बाई आहे जी मानसिक आजारातून गेलेली आहे आणि तरी दुसऱ्याला सांभाळते. तिचा आजार तिचा भूतकाळ नाही, तो तिच्याबरोबर आहे, आणि तिला दुसऱ्याची कळ ओळखता येते ती त्यामुळेच. 'सीना आजारी असती तर?' या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. सीना आजारी असती तर कदाचित ती जानकी झाली असती, तिला कोणी तेवढा वेळ दिला असता तर.

पुढचा चित्रपट

या तीन चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाला आजारी माणसाकडे बघायला शिकवलं हे नि:संशय. 'देवराई'ने थट्टा थांबवली, 'अस्तु'ने सांभाळणाऱ्यांच्या थकण्याला लाज उरू दिली नाही, 'कासव'ने प्रश्न न विचारण्याचं बळ दाखवलं. पण तिन्हींत आजारी माणूस कोणाच्या तरी नजरेतून दिसतो. बहिणीच्या, मुलीच्या, यजमानीणबाईंच्या. तो स्वतः बघतोय, सोबतच्यांबद्दल त्याचं काही म्हणणं आहे, त्यांच्या वागण्यावर तो हसतोय, चिडतोय, त्यांना माफ करतोय, असं फार कमी दिसतं. आजाराबाहेरचं त्याचं आयुष्य, म्हणजे पगार, कर्जाचा हप्ता, प्रेम, राजकारणावरची मतं, हेही दिसत नाही.

मला पाहायचाय तो चित्रपट असा: महामार्गावरच्या एखाद्या गावातली बाई, सकाळी गोळी घेते, दिवसभर लॅपटॉपवर कोडमधल्या चुका शोधते, दर काही महिन्यांनी एसटीने पुण्याला जाऊन रक्त देऊन येते, मधे दोन वाईट आठवडे जातात आणि ते सरतात. शेवटी ती बरी होत नाही आणि मरतही नाही. एवढ्यावर दोन तासांचा चित्रपट उभा राहील का, असं कोणी विचारेल. भावे-सुकथनकरांनी हत्तीमागे चालत गेलेल्या म्हाताऱ्यावर आणि वाळूतल्या अंड्यांवर तो उभा केला. मग हाही राहील. फक्त कॅमेरा तिच्या शेजारी, ओट्यावर, परातीएवढ्या अंतरावर ठेवायला लागेल.